स्क्वाड्रनचा इतिहास लिहिताना रडारचा इतिहास लिहू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावरच्या २० व्या स्क्वाड्रनवर मराठी विकिपीडियासाठी तू लिहिलेला मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) वाचला. अंतराळात फिरणाऱ्या वस्तूंवर पाळत ठेवणाऱ्या लष्करी पथकाबद्दल मराठीत नीट लिहावंसं कुणाला वाटतं, याचाच मला फार आनंद झाला. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलंच वाक्य बदल. ‘१९६२ साली स्थापन झालेलं हे पथक’ असं तू लिहिलं आहेस. १९६२ मध्ये सुरू झालं ते पथक चालवतं त्या रडारचं बांधकाम. पुढे ‘१९६५ च्या आगीत पथकाचं मोठं नुकसान झालं’ असं आहे. आग लागली ती रडारच्या इमारतीला, चाचण्या सुरू व्हायच्याही आधी. एकाच लेखात तू तीन इतिहास मिसळले आहेस: स्क्वाड्रनचा, यंत्राचा (म्हणजे रडारचा) आणि जबाबदारीचा (म्हणजे स्क्वाड्रनकडे आलेल्या-गेलेल्या कामांचा). या विषयावरच्या निम्म्या चुका इथेच जन्मतात. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचार, याचा कर्ता या तिघांपैकी कोण? उत्तर चटकन आलं नाही तर वाक्य मोडून पुन्हा लिही.

यंत्राचं आधी घेऊ. एएन/एफपीएस-८५ हे बेंडिक्स कंपनीनं बांधलेलं फेज्ड ॲरे रडार, म्हणजे अँटेना न फिरवता विजेच्या साहाय्यानं किरण वळवणारं रडार. जानेवारी १९६५ मध्ये ते जळालं आणि नव्यानं उभारावं लागलं. काही ठिकाणी तुला १९६८ साल दिसेल, काही ठिकाणी १९६९. म्हणून एकाला खोटं ठरवू नकोस. काम पूर्ण झालं ते एक साल, आणि रडार प्रत्यक्ष सेवेत आलं ते दुसरं. दोन्ही दे आणि कोणतं कशाचं ते लिही. आकड्यांचंही तसंच आहे. प्रक्षेपणाच्या बाजूला ५,१८४ ट्रान्समीटर आहेत. ग्रहणाच्या बाजूला अँटेनाचे घटक सुमारे १९,५०० आणि रिसीव्हर ४,६६०. कुणी घटक मोजतं, कुणी रिसीव्हर. तू ‘रडारला १९,५०० रिसीव्हर आहेत’ असं लिहिलंस, तिथे मोजमापच बदललं.

आता स्क्वाड्रन. सर्व्हेलन्स, मिसाइल वॉर्निंग, स्पेस सर्व्हेलन्स, स्पेस कंट्रोल अशी नावं तिनं घेतली. नुसती यादी दिलीस तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. ‘मिसाइल वॉर्निंग’ या नावामागचं कारण सांग: १९७० च्या दशकात पाणबुड्यांवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांवर लक्ष ठेवण्याचं काम या रडारकडे आलं. १९८७ मध्ये जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावर क्षेपणास्त्रांची सूचना देणारं पेव्ह पॉज रडार उभं राहिल्यावर एग्लिनचं ते ओझं उतरलं आणि ते पुन्हा उपग्रहांकडे वळलं. इतकं सांगितलंस की नाव का बदललं ते आपोआप समजतं.

नामांतराच्या तारखा मात्र कुठूनही उचलू नकोस. अमेरिकी हवाई दलात पथकाची वंशावळ सातबाऱ्यासारखी असते, फेरफाराची अधिकृत नोंद असेल तरच वारसा लागतो. शेजारच्या पथकाची माणसं, इमारत, काम सगळं उचलून नव्या पथकाला दिलं, तरी कागद झाला नसेल तर जुन्याचा इतिहास नव्याचा होत नाही. या नोंदी अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरची एअर फोर्स हिस्टॉरिकल रिसर्च एजन्सी ठेवते. त्यांच्या पत्रकात नाव मंजूर होणं, पथक सक्रिय होणं आणि प्रत्यक्ष उभं राहणं या वेगवेगळ्या पायऱ्या असू शकतात. साठच्या दशकातल्या पथकांबाबत शेवटच्या दोन्हींत काही आठवड्यांचं अंतर सापडतं. लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीत एकच तारीख मावते, म्हणून तिथे कोणती टाकलीस ते लेखाच्या मजकुरात स्पष्ट कर.

तिसरा धागा, जबाबदारी. यात सर्वात मोठा खड्डा आहे तो ‘फेन्स’चा. अमेरिकेच्या दक्षिण भागात, ३३ व्या अक्षांशाच्या आसपास, पूर्व-पश्चिम पसरलेली, वरून जाणारे उपग्रह टिपणारी ही रेडिओ यंत्रणा मुळात नौदलाची. तीन प्रक्षेपण केंद्रं: टेक्सासमध्ये लेक किकापू, ॲरिझोनात गिला रिव्हर, अलाबामात जॉर्डन लेक. ग्रहण केंद्रं सहा. कारभार व्हर्जिनियातल्या डालग्रेनहून चाले. १ ऑक्टोबर २००४ ला ती हवाई दलाकडे, म्हणजे तुझ्या २० व्या स्क्वाड्रनकडे आली आणि १ सप्टेंबर २०१३ ला बंद झाली. तेव्हा या स्क्वाड्रनच्या इतिहासात फेन्सची ही नऊएक वर्षंच येतात. १९५८ पासूनचा नौदलाचा भाग स्वतंत्र लेखाचा, इथे एक वाक्य आणि दुवा पुरे. मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनवर मार्च २०२० मध्ये सेवेत आलेली ‘स्पेस फेन्स’ ही तर वेगळीच यंत्रणा. नावातल्या साम्यामुळे ‘२०१३ ला बंद पडलेली फेन्स २०२० ला पुन्हा सुरू झाली’ असं वाक्य तुझ्याही मसुद्यात शिरलं आहे. ते काढ.

वरिष्ठ संस्थांची नावं त्या त्या काळाची हवीत. स्पेस कमांड १ सप्टेंबर १९८२ ची, तिचं ‘एअर फोर्स स्पेस कमांड’ हे नाव १९८५ पासूनचं, अमेरिकेचं अंतराळ दल २० डिसेंबर २०१९ चं. २४ जुलै २०२० ला २१ वी स्पेस विंग बंद होऊन स्पेस डेल्टा २ आली. साठच्या दशकातल्या परिच्छेदात ‘अंतराळ दलाचं हे पथक’ असं चुकूनही येऊ देऊ नकोस.

संदर्भांचा मुद्दा जरा कडक सांगतो. तळाच्या जनसंपर्क विभागाची माहितीपत्रकं पथकाचं सध्याचं काम आणि वरिष्ठ संस्था यांसाठी चालतील. इतिहासासाठी ती जपून वापर, कारण त्यांतला मजकूर कित्येकदा जुन्या पत्रकांवरून, कधी थेट विकिपीडियावरूनच घेतलेला असतो. मग आपण त्यांचा दाखला देतो आणि चूक गोल फिरत राहते. दोन संदर्भांत शब्दन् शब्द सारखा दिसला तर तो एकच संदर्भ समज. ‘मी तिथे नोकरीला होतो’ असं कुणी चर्चा पानावर सांगितलं, तर आदरानं ऐक, छापील पुरावा कुठे मिळेल ते विचार, आणि तोवर लेखात घालू नकोस. शिवाय अंतराळ दल आल्यावर हवाई दलाच्या संकेतस्थळावरची बरीच पानं हलली आणि दुवे तुटले. दुवा जोडतोस त्याच दिवशी त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन कर आणि पाहिल्याची तारीख नोंदव.

चित्रांबाबत एक खबरदारी. अमेरिकी सैनिकानं किंवा सरकारी कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून काढलेलं छायाचित्र तिथे प्रताधिकारमुक्त असतं. कंत्राटदार कंपनीचं छायाचित्र लष्कराच्या पानावर झळकलं म्हणून मुक्त होत नाही. छायाचित्राखालची श्रेयओळ वाचल्याशिवाय कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रभांडारावर) काही चढवू नकोस. रडारच्या इमारतीची चित्रं हमखास या घोळात सापडतात.

स्क्वाड्रनच्या कमांडरांची यादी तूर्त गाळ. तिच्यातल्या बहुतेक नावांना संदर्भ नाही, आणि जिवंत माणसांबद्दल संदर्भाविना लिहिणं हा आपल्याकडे वेगळा आणि गंभीर दोष मानला जातो.

जे परिच्छेद इंग्रजी लेखावरून घेतले आहेस, त्यांच्या संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा आणि आवृत्ती लिहायला विसरू नकोस, विकिपीडियाच्या मुक्त परवान्यात मूळ लेखकांना श्रेय देण्याची अटच आहे. सगळे बदल एका दमात जतन करू नकोस. आधी फक्त तारखा, मग यंत्राचा परिच्छेद, मग फेन्सचा, असं केलंस तर एखादा बदल चुकला तरी तेवढाच उलटवता येतो. तारखांचा टप्पा झाला की चर्चा पानावर कळव, मी मॅक्सवेलच्या पत्रकाशी ताडून बघतो.

तुझा,
एक जुना संपादक