लाईन १०० एमबीपीएसची असूनही ऑफिसच्या आयपी फोनवर आवाज का तुटतो?

तुमचं म्हणणं असं की सरकारी खात्याची सगळी ऑफिसं एका बंद नेटवर्कवर आहेत, लाईन १०० एमबीपीएसची, स्पीड टेस्ट झकास येते, तरी दुपारी आवाज तुटतो आणि व्हेंडर म्हणतोय लाईन डबल करा. माझं ऐकाल तर आत्ता लाईनवर एक पैसा घालू नका. मी असलीच नेटवर्कं सांभाळतो, लाईन लहान पडली म्हणून आवाज गेला असं फार क्वचित बघितलंय.

हिशोबच बघा ना, जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचं डिजिटल डेटात रूपांतर करायची पद्धत) दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट हेडर, झाले ८० केबीपीएस. टनलचं (दोन ऑफिसांमधल्या एन्क्रिप्टेड वाटेचं) ओझं वर धरलं तरी वीस कॉल एकदम चालले तर दोन-तीन एमबीपीएस. प्रश्न पॅकेट वेळेवर पोचण्याचा आहे. फाईलचं पॅकेट हरवलं तर परत मागवता येतं, आवाजाचं परत येईपर्यंत माणूस पुढचं वाक्य बोलत असतो.

आधी मार्किंग तपासा, म्हणजे पॅकेटवरची ‘हे आधी सोडा’ अशी खूण. फोन आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ (आवाजाला प्राधान्य सांगणारा आकडा) लावतो आणि आयपीसेक टनलमध्ये ते बाहेरच्या हेडरवर कॉपी व्हायला हवं, पण वाटेतल्या एका फायरवॉलने किंवा प्रोव्हायडरच्या राउटरने ते शून्य केलं की संपलं, दुपारी सगळे एकदम स्कॅन अपलोड करतात त्याच रांगेत तुमचा आवाज उभा. दोन्ही टोकांना कॅप्चर घ्या (जाणारी-येणारी पॅकेटं रेकॉर्ड करा), पाच मिनिटांत कळतं.

मार्किंग नीट केलं की एक गंमत होते, ती मॅन्युअल वाचणाऱ्यांनाही चकवते. टनलमध्ये पॅकेटला नंबर आधी पडतो आणि मग क्यूओएस (प्राधान्याने रांग लावणारी व्यवस्था) आवाजाला पुढे काढतं, मागे राहिलेली डेटाची पॅकेटं उशिरा पोचतात, आणि पलीकडच्या डब्याची अँटी-रिप्ले विंडो (जुनी पॅकेटं परत पाठवून कोणी फसवू नये म्हणून किती मागचा नंबर चालेल याची मर्यादा) ६४ पॅकेटांची असेल (बऱ्याच ठिकाणी डिफॉल्ट तीच असते) तर तो ती जुनी समजून फेकून देतो. मग डेटावाले बोंब मारतात, कोणीतरी वरून आदेश काढून क्यूओएसच बंद करायला लावतं, आणि आवाज परत तुटायला लागतो. विंडो मोठी करा किंवा आवाजाला वेगळी सिक्युरिटी असोसिएशन (म्हणजे टनलमध्ये नंबरांची स्वतंत्र मालिका) द्या, बस.

शेजारच्या दोन ऑफिसांचा कॉल मुख्यालयाच्या हबमधून फिरून जातो का तेही बघा. उपग्रहावरची ऑफिसं असतील तर हे फारच महागात पडतं, कारण भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी वर, एका हॉपला (वर जाऊन खाली यायला) एकेरी पाव सेकंद जातो, हबमधून दोन हॉप झाले की अर्धा सेकंद, तिथे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि त्याला कुठलंच कोडेक वाचवत नाही.

सरकारी नेटवर्कवर अजून एक भानगड असते, आपत्तीच्या दिवशी सगळे एकदम फोन उचलतात. आवाजाच्या रांगेत तीस कॉलची जागा असेल तर एकतिसावा कॉल एकटा खराब होत नाही, तो बाकी तीसही बिघडवतो. म्हणून कॉलची मर्यादा घालायचीच, आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या किंवा कंट्रोल रूमच्या कॉलला आधी जागा मिळावी यासाठी सिपमध्ये (कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) रिसोर्स-प्रायॉरिटी हेडर आहे (इंटरनेटचं मानक आरएफसी ४४१२, २००६ पासून), व्हेंडरला सपोर्ट आहे का ते लेखी विचारा.

टेंडरमध्ये ९९.९ टक्के अपटाइम लिहून काही होत नाही, त्यातून लाईन जिवंत आहे एवढंच कळतं. एकेरी उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत (आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ मधला आकडा), जिटर (उशिरातला चढउतार) ३० मिलिसेकंदाच्या आत, लॉस (हरवलेली पॅकेटं) १ टक्क्याच्या आत असं लिहा, आणि आकडे पाच-पाच मिनिटांचे मागा, दिवसाच्या सरासरीत दुपारचा गोंधळ दिसतच नाही. आणि व्हेंडरच्या रिपोर्टमध्ये जी.७११ चा एमओएस (आवाजाच्या दर्जाचे पाचपैकी गुण) ४.७ दिसला तर कसा काढला ते विचारा, आयटीयूच्या ई-मॉडेलमध्ये (हे गुण काढायच्या सूत्रात) तो साधारण ४.४ च्या वर जातच नाही.