बजेट अलर्ट म्हणजे नुसती दवंडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी चार हजार माणसांची, क्लाउड (भाड्याने घेतलेले सर्व्हर आणि सेवा) तिघांचा: एडब्ल्यूएस, अ‍ॅझ्युर, गूगल, बिल दर तिमाहीला फुगतंय आणि त्यात आता प्रत्येक टीमने आपापले एआय एजंट (भाषेच्या मॉडेलला विचारत पायरीपायरीने स्वतःच काम उरकणारे प्रोग्राम) सोडलेत. सीएफओंनी तुम्हाला 'गव्हर्नन्स पॉलिसी' लिहायला सांगितलीय आणि कुठलं टूल घ्यावं हे तुम्ही विचारताय.

टूलचं शेवटी बोलू. मी पुण्यात नऊ-दहा वर्षं हेच करतोय. आधी इन्फ्रामध्ये (सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये) होतो, मग फायनान्सवाल्यांच्या शेजारी खुर्ची मिळाली. तीस पानी पॉलिसी मीही लिहिली होती. ती माझ्या साहेबांनीही वाचली नव्हती, हे मला वर्षभराने कळलं.

मागच्या एका कंपनीतली गोष्ट सांगतो. पुरवठादारांची बिलं पर्चेस ऑर्डरशी जुळवणारा एक एजंट होता. काम छान करायचा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ईआरपीची (कंपनीच्या खरेदी-हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) एक सेवा मेन्टेनन्ससाठी बंद झाली. एजंटला उत्तर यायचं, 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' बिचारा आज्ञाधारक, भाऊबीज उलटेपर्यंत प्रयत्नच करत बसला. अलर्ट आले नाहीत असं नाही. बजेटच्या पन्नास टक्क्यांचा आला, ऐंशीचा आला, शंभरचाही आला. पण ते ज्या पत्त्यावर जात होते तो माणूस नवरात्रातच नोकरी सोडून गेला होता. लक्ष्मी आली कुठून माहीत नाही, गेली कुठे ते मात्र बिलावर ओळीने छापलेलं होतं.

यातून दोन गोष्टी शिकलो आणि माझं सगळं उत्तर त्या दोनांवरच उभं आहे. एक, अलर्ट खर्च थांबवत नाही. दोन, ज्या खर्चाला माणसाचं नाव नाही तो बेवारस.

पहिलीचं आधी. एडब्ल्यूएसवर बजेटचा डेटा साधारण 8 ते 12 तासांनी ताजा होतो. गूगल तर कागदोपत्रीच सांगतं की बजेट लावलं म्हणून वापर आपोआप थांबत नाही. दोन्हीकडे बजेट ओलांडल्यावर काहीतरी बंद करायची सोय करता येते, पण ती चालते त्याच उशिरा आलेल्या आकड्यांवर. गावात पूर आल्यानंतर दवंडी पिटण्यातला प्रकार. व्हर्च्युअल मशिनला (क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या संगणकाला) हे चालून जायचं. मशिन बंद करायचं विसरलं तर ते ताशी ठरलेल्या दराने पैसे खातं, उद्याचा आकडा आजच सांगता येतो. एजंट किती वेगाने पैसे खाईल हे तो किती गोंधळलाय त्यावर ठरतं.

साधा हिशोब घ्या. एजंट सुरुवातीला मॉडेलला 4,000 टोकन (शब्दांचे तुकडे, बिल त्यांवरच मोजतात) पाठवतो: सूचना, टूल्सची वर्णनं, काम. दर पायरीला टूलचं उत्तर आणि त्याचं स्वतःचं बोलणं मिळून 2,000 ची भर पडते. मॉडेलला मागचं काही आठवत नसतं, म्हणून प्रत्येक पायरीला सगळं पुराण पहिल्या अध्यायापासून पुन्हा पाठवावं लागतं. काम 10 पायऱ्यांत झालं तर एकूण 1,30,000 इनपुट टोकन. 50 पायऱ्या लागल्या तर 26,50,000. पायऱ्या पाचपट, टोकन वीसपट. दहा लाखांना 3 डॉलर दर धरला तर पहिलं काम 40 सेंटांच्या आत बसतं, दुसरं जवळपास 8 डॉलरला पडतं. आउटपुट वेगळं, त्याचा दर इनपुटच्या कित्येक पट. डेमोमध्ये सगळे 10 पायऱ्यांवालं काम दाखवतात, हे सांगायला नकोच.

प्रॉम्प्ट कॅशिंगने यातला बराच भार हलका होतो, कारण पुन्हा पाठवलेला सुरुवातीचा मजकूर खूप स्वस्तात मोजला जातो. अट एकच, ती सुरुवात अक्षरन् अक्षर तशीच राहायला हवी. आमच्या एका टीमने सिस्टिम प्रॉम्प्टच्या (एजंटच्या कायमच्या सूचनांच्या) पहिल्याच ओळीत आजची तारीख आणि वेळ, सेकंदासकट, घातली होती. कॅश एकदाही लागला नाही. ती ओळ शेवटी नेली, बस्स.

तेव्हा थांबवायची जागा दारात हवी, बिलात नाही. सगळे एजंट मॉडेलशी बोलतील ते एकाच गेटवेतून, म्हणजे मधल्या एकाच दारातून. लाइटएलएलएमसारखी ओपन सोर्स प्रॉक्सी यासाठी पुरते, घरी बनवलेलीही चालेल. मॉडेल कंपनीच्या खऱ्या कीज (मॉडेल वापरू देणारे गुप्त कोड) फक्त गेटवेकडे, टीमला मिळते ती आतली की आणि तिच्यावर दिवसाची मर्यादा. शिवाय प्रत्येक कामाला पायऱ्यांची, टोकनची आणि वेळेची कमाल. मर्यादा संपली की कॉल नाकारायचा आणि काम माणसाच्या रांगेत टाकायचं. डेव्हलपर कुरकुरतील. कुरकुरू द्या. मर्यादा वाढवून द्यायला हरकत नाही, फक्त ती कुणीतरी मागितली पाहिजे.

एक गोष्ट हमखास निसटते. एजंटचा खर्च मॉडेलच्या बिलावर दिसतो तेवढाच नसतो. तुमच्याकडे गूगल आहे म्हणून बिगक्वेरीचंच (त्यांच्या डेटा साठवून त्यात शोधायच्या सेवेचं) सांगतो. एजंटला टेबलात काय आहे ते 'जरा बघायचं' असतं, म्हणून तो सगळे कॉलम मागतो आणि खाली लिमिट 10 लावतो. आपल्याला वाटतं दहाच ओळी. पण ऑन-डिमांड (जेवढा वापर तेवढे पैसे) दरात पैसे लागतात ते वाचलेल्या बाइट्सचे, आणि साध्या टेबलावर लिमिटने ते कमी होत नाहीत. दहा ओळी बघायला पूर्ण टेबल वाचलं जातं, तेही दिवसातून शंभरदा. उपाय आहे: क्वेरीला कमाल बाइट्सची मर्यादा घाला. अंदाज त्यापुढे गेला तर क्वेरी चालतच नाही आणि पैसेही लागत नाहीत. एजंटच्या सर्व्हिस अकाउंटमधून जाणाऱ्या प्रत्येक क्वेरीला ही सक्तीची करा.

आता नावाचं. तुमच्याकडे टॅग (कुठला खर्च कुणाचा हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या) असतीलच. मालकाच्या कॉलमची एक्सेल काढून बघा. आमच्याकडे त्यात 'डेव्हऑप्स टीम', 'नंतर ठरवू' आणि निवृत्त झालेले एक गृहस्थ सापडले होते. वर एडब्ल्यूएसला मोठ्या लिपीतला ओनर आणि लहान लिपीतला ओनर हे दोन वेगळे टॅग वाटतात, त्यामुळे अर्धा खर्च एका रिपोर्टात आणि अर्धा दुसऱ्यात. मालक म्हणजे टीम नव्हे, एक माणूस. तो बदलला की एचआरच्या एक्झिट चेकलिस्टमध्येच, लॅपटॉप परत घेतला त्याच्या खालच्या ओळीत, त्याचे एजंट कुणाकडे गेले हे लिहायचं. आणि प्रत्येक एजंटला शेवटची तारीख द्या. तीन महिन्यांनी मालकाने 'अजून हवा' म्हटलं नाही तर त्याची की आपोआप बंद.

हे फक्त पैशाचं नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा कंपनीचं म्हणणं होतं की बॉट ही स्वतंत्र एंटिटी आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ट्रायब्युनलने फेब्रुवारी 2024 मध्ये ते झिडकारलं आणि भरपाई द्यायला लावली. तो बॉट नुसता बोलत होता. तुमचे एजंट ऑर्डर रद्द करतील, पैसे परत पाठवतील. म्हणून एजंटला माणसाचं लॉगिन कधीच देऊ नका, त्याचं वेगळं खातं आणि मोजकेच अधिकार. परत फिरवता येत नाही अशी कृती माणसाच्या मंजुरीशिवाय नाही. एवढी सोपी गोष्ट, पण डेडलाइन आली की पहिली हीच वगळतात.

जुन्या क्लाउड खर्चाबद्दल एकच सांगतो: नको ते बंद करायच्या सफाईआधी सेव्हिंग्ज प्लॅन (काही वर्षांच्या वापराची हमी देऊन मिळणारी सवलत) घेऊ नका. वजन कमी करायचं ठरवलंय आणि आधीच तीन वर्षांचे कपडे शिवून टाकलेत असं होतं ते. तिन्ही बिलं एका साच्यात आणायला फोकस नावाचं खुलं स्पेसिफिकेशन आहे, 1.0 आवृत्ती जून 2024 ची. तिघांकडूनही त्या साच्यातला डेटा मिळवता येतो, आपला स्वतःचा साचा बनवत बसू नका. आणि टीमच्या बजेटमधून पैसे कापायची घाई नको. आधी सहा महिने नुसतं ज्याचं त्याला दाखवा. दाखवताना टोकनचे आकडे नकोत, पुरं झालेलं एक काम कितीला पडलं ते दाखवा. 40 सेंटांचा एजंट निम्म्या वेळा फसत असेल तर ते काम 80 सेंटांचं, अधिक निस्तरणाऱ्या माणसाचा वेळ.

टूल इतक्यात काहीच घेऊ नका. या आठवड्यात मॉडेल कंपन्यांच्या कन्सोलमध्ये किती कीज जिवंत आहेत तेवढं मोजा. आम्हाला 11 माहीत होत्या, निघाल्या 43. त्यातल्या सहांचा मालक कुठल्याच यादीत सापडेना, म्हणून एका शुक्रवारी सकाळी त्या सरळ बंद केल्या. पाचांसाठी आजवर कुणी विचारलेलं नाही. सहाव्या कीवर कॅन्टीनचा मेनू सांगणारा बॉट चालत होता. त्याच्यासाठी मात्र दहा मिनिटांत फोन आला.