'बर्च'ला 'भूर्ज' म्हणावे का?

एका रशियन कथेचा अनुवाद करताना 'बर्च' या झाडासाठी 'भूर्ज' हा शब्द योजावा का, आणि भूर्जपत्र हे पान असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होईल का, अशी पृच्छा आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. भूर्जपत्र हे पान नव्हे, ती साल आहे. 'पत्र' म्हणजे येथे लिहिण्याजोगा पापुद्रा. भूर्जाची साल अशा पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि त्यांवर शाईने लिहिता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, त्यांतील एक काश्मीरचे, शारदा लिपीतील, भूर्जपत्रावरचेच आहे.

'भूर्ज' या शब्दाबद्दल तर संकोच नसावा, कारण रशियन 'बेर्योझा', जर्मन 'बिर्के', इंग्रजी 'बर्च' आणि संस्कृत 'भूर्ज' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज असून त्याच्या मुळाशी उजळपणाची, चमकण्याची कल्पना असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. सालीच्या शुभ्रतेवरून पडलेले हे नाव भारतात आले आणि हिमालयातील भावंडाला मिळाले. मात्र हे भावंड दिसायला वेगळे आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना लागणाऱ्या भोजबासाला ज्याच्यावरून नाव पडले, तो भूर्ज वृक्षरेषेजवळ, म्हणजे ज्या उंचीच्या वर झाडे वाढत नाहीत तिच्याजवळ, वाढतो आणि बर्फाच्या भाराने त्याचे खोड पुष्कळदा वाकलेले असते. रशियन सपाटीवरचा सडपातळ, पांढऱ्या खोडावर काळे चट्टे असलेला वृक्ष त्याहून निराळा. म्हणून पहिल्या उल्लेखात 'पांढऱ्या खोडाचा भूर्ज' असे लिहावे.

आठवणींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रशियन माणसाला या झाडाने गाव, वसंत आणि तारुण्य आठवते. मराठी वाचकाला 'भूर्ज' म्हटले की पोथी आठवते. तरीही हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. रशियातील नोव्गोरोद या जुन्या शहरात १९५१ पासून उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेला हजाराहून अधिक मजकूर सापडला असून त्यात घरगुती निरोप आहेत, देण्याघेण्याचे हिशेब आहेत, आणि तेराव्या शतकातील ओन्फीम नावाच्या मुलाने अक्षरे गिरवता गिरवता काढलेली चित्रेही आहेत. (आमच्या पोथ्यांच्या गांभीर्यापुढे ही चित्रे मला अधिक मोहक वाटतात.) लेखनाची आठवण त्या झाडाला तिकडेही चिकटलेली आहेच.

खरी अडचण लिंगाची आहे. 'बेर्योझा' स्त्रीलिंगी असल्यामुळे रशियन लोकगीतांत तिला तरुणीची उपमा सहज दिली जाते, तर 'भूर्ज' पुल्लिंगी आहे. कथेत झाडाला नववधू म्हटले असेल तर तेवढ्यापुरते भूर्ज सोडून 'बर्च' हा शब्द चिंच, बाभूळ यांप्रमाणे स्त्रीलिंगी चालवावा; अन्यत्र 'भूर्ज'च ठेवावा.