बर्लिनच्या नॉयकोल्न भागात जुनं खेडं अजून दिसतं का?

हो, दाट वस्तीच्या मधोमध. नॉयकोल्न म्हणजे मूळचं रिक्सडॉर्फ, पहिला लेखी उल्लेख १३६० चा. धर्मछळामुळे बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना प्रशियाचा राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने १७३७ मध्ये इथे वसवलं. पुढे कामगारांची रीघ लागली, १८९९ मध्ये गावाचं शहर झालं. दारूगुत्त्यांमुळे नाव बदनाम झालं म्हणून १९१२ मध्ये ते बदललं; १९२० मध्ये बर्लिनने सामावून घेतलं.

रिशार्डप्लाट्स चौकात मधोमध जुनी लोहारशाळा आहे. तिथून किर्खगासे या गल्लीत जरूर शिरा: फरसबंद रस्ता, बुटकी घरं. मला सगळ्यात भावतो तो तिथला राजाचा पुतळा. निर्वासितांच्या वंशजांनी पावणेदोनशे वर्षांनी कृतज्ञतेने उभारलेला.