शेजारच्या अज्जींचा पहाटेचा रेडिओ

प्रिय भगिनी,

तुमचे बेळगावातल्या शहापूरहून आलेले पत्र वाचले. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकट्या राहणाऱ्या कानडी अज्जी पहाटे पाचला रेडिओ मोठ्याने लावतात, न विचारता तुमच्या जास्वंदीची फुले नेतात आणि नळाला पाणी आले की, मग ती कोणतीही वेळ असो, परसात शिरून तुमचेही पिंप भरतात व वर तुम्हालाच आळशी म्हणतात. यजमान पोलिसांत जायला निघाले आहेत, सासूबाई सोडून द्या म्हणतात आणि चार महिन्यांच्या बाळाची झोप रोज मोडते.

या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी असले, तरी बाकीच्यांकडे ते काही दिवसांआड येते आणि चुकले तर घरात काय हाल होतात, हे तुम्ही जाणता. बाळंतिणीला उठावे लागू नये म्हणून जी बाई अंधारात तुमचे पिंप भरते, झाकण लावते आणि पाइप गुंडाळून खुंटीला अडकवते, तिचे बोलणे कडू असले तरी करणे मायेचेच आहे. फुले देवापुरती नेऊ द्या.

रेडिओ मात्र सोडून देण्याजोगा नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 हा रात्रीचा काळ धरला असून निवासी भागात तेव्हा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, त्यामुळे तुमचे गाऱ्हाणे रास्त आहे. तरीही आधी दुपारच्या निवांत वेळी बाळाला कडेवर घेऊन तुम्ही स्वतः जा आणि येईल तशा कानडीत बोला. रेडिओ बंद करा, असे म्हणू नका. त्या रिकाम्या घरात दिवसाचा पहिला आवाज तोच असतो. तो सामाईक भिंतीच्या कोनाड्यातून उचलून स्वयंपाकघरात ठेवता येईल का आणि सहापर्यंत बारीक ठेवता येईल का, एवढेच विचारा. त्यांना कमी ऐकू येत असेल, तर कान तपासून घ्यायला तुम्हीच सोबत जा.

यजमानांना मात्र आवरा. आपल्या सीमाभागात दोन घरांची कुरबूर चव्हाट्यावर गेली की तिला मराठी-कानडी वादाचे रूप यायला वेळ लागत नाही आणि मग गल्लीशी संबंध नसलेली माणसे त्यात तोंड घालतात. बोलूनही फरक पडला नाही, तर अज्जींच्या नातेवाइकांच्या आणि गल्लीतल्या पंचांच्या कानावर घाला. तरीही बाळाची झोप मोडतच राहिली, तर पोलिसांकडे जायला मी तुम्हाला अडवणार नाही.