मरळ आजारी नाही, दबा धरून बसली आहे

प्रश्न : आमच्या तीन फुटी काचेच्या टाकीत गोदावरीतून आणलेली वीतभर लांबीची एक मरळ आहे. ती दिवसभर पाणवनस्पतींच्या आडोशाला निपचित असते आणि खाद्याच्या गोळ्यांना तोंड लावत नाही. मात्र रोज सकाळी एखाद-दुसरा गप्पी कमी झालेला दिसतो. तिला काही आजार असेल का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : ही आजाराची लक्षणे नव्हेत. मरळ भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाही. ती दबा धरून बसते. काळपट अंग सावलीत मिसळते, छातीवरचे पर तेवढे हळूहळू हलत राहून तिला जागच्या जागी तोलून धरतात आणि गप्पी टप्प्यात येताच ती अंग वाकवून एकदम झेपावते. त्याच क्षणी जबडा उघडतो, गालफडे फाकतात, तोंडातील दाब घटतो आणि बाहेरचे पाणी भक्ष्यासह आत ओढले जाते. हे सारे इतके झटपट घडते की पाहणाऱ्याला केवळ पाणी ढवळलेले दिसते. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेखेमुळे (कंपने टिपणाऱ्या संवेदनशील रेषेमुळे) पाण्यातील बारीक हालचालही तिला जाणवते, त्यामुळे अंधारातही शिकार साधते. निश्चल गोळी तिला भक्ष्य वाटत नाही, त्याचे कारण हेच.

गप्पी आजच वेगळे काढावेत. तिन्हीसांजेनंतर गांडुळाचा किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून तिच्यासमोर हळूहळू हलवावा. सवय लागायला काही दिवस जातील, तेवढा धीर धरावा. गोल्डफिश मात्र खाद्य म्हणून कधीही देऊ नयेत. त्यांच्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि विकतच्या माशांबरोबर रोगही टाकीत येतात.

मरळ उडी मारते, म्हणून झाकण घट्ट हवे. परंतु झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटे जागा ठेवावी. ती वर येऊन हवा घेते आणि ती वाट बंद झाली तर पाण्यात असूनही गुदमरते. (वीज जाऊन फिल्टर बंद पडला तरी ती तग धरते, ती याच क्षमतेमुळे.) ही जात दोन फुटांपेक्षाही मोठी होऊ शकते, तेव्हा आपली टाकी तिला पुढे पुरणार नाही, मोठ्या टाकीचा विचार आताच करावा. अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, डोळे गढुळले किंवा ती तिरपी तरंगू लागली, तर मात्र मत्स्यतज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये.