मलेरियाच्या परजीवीचे पेशीचक्र आपल्यासारख्याच जनुकांवर चालत असेल, तर त्यावरचे औषध आपल्यालाही अपाय करणार नाही का?

आपली शंका रास्त आहे, परंतु जनुकांची नावे जुळली म्हणजे त्यांचा कारभारही जुळला, हे तिच्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. या परजीवींच्या रंगवलेल्या काचपट्ट्या पाहण्यात माझी काही वर्षे गेली आहेत, आणि तो फरक तिथे डोळ्यांनाच दिसतो.

आपल्या गृहीतकाला आधार नाही असे नाही. पेशीने कधी विभागावे हे ठरवणारी सायक्लिन आणि किनेज ही प्रथिने यीस्टपासून माणसापर्यंत इतकी सारखी आहेत की, यीस्टमधील या किनेजचे काम माणसाचे जनुक निभावून नेते, हे पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये दाखवले. पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक हार्टवेल, हंट आणि नर्स यांना याच विषयासाठी मिळाले.

आता मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम फाल्सिपेरम घ्या. आपल्या पेशीत सहसा डीएनए एकदा दुप्पट होतो, केंद्रक विभागते, पेशीचे दोन भाग होतात आणि मगच पुढची फेरी सुरू होते. हा परजीवी मात्र तांबड्या पेशीत शिरल्यावर सुमारे ४८ तासांच्या मुक्कामात एकाच पेशीद्रव्यात केंद्रकांच्या फेऱ्यांवर फेऱ्या उरकतो, आणि त्याही प्रत्येक केंद्रक आपापल्या वेळेने. जिम्सा रंगाच्या पट्टीवर मधोमध तपकिरी-काळ्या रंगद्रव्याचा ठिपका आणि भोवती जांभळ्या कणांचा, म्हणजे केंद्रकांचा, घोस दिसतो. ते कण मोजले तर कधी १९ भरतात, कधी २२. सगळी केंद्रके एकाच ठेक्यावर विभागत असती, तर १६ किंवा ३२ च भरायला हवे होते. सीआरके४ हे किनेज काढून घेतले तर डीएनएची ही वाढच अडते. सीवायसी१ हे सायक्लिन काढले तर केंद्रके वाढत राहतात, पण शेवटी त्यांची स्वतंत्र पिल्ले नीट सुटी होत नाहीत. गंमत म्हणजे हे सीवायसी१ माणसाच्या सायक्लिन एचशी मिळतेजुळते आहे, आणि आपल्या पेशींत सायक्लिन एचकडे पेशी विलग करण्याचे खाते नाही.

आफ्रिकेतील निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई याहून विलक्षण आहे. त्याच्या पेशीत केंद्रकाखेरीज कायनेटोप्लास्ट हा डीएनएचा दुसरा पुंजका असतो, आणि डीएनएला चिकटणाऱ्या रंगाखाली एक मोठा व एक बारीक असे दोन निळे ठिपके चमकतात. सूत्री विभाजनासाठी, म्हणजे केंद्रक विभागण्यासाठी, लागणारे सीवायसी६ हे सायक्लिन बंद केले, तर त्सेत्से माशीतील अवस्थेत केंद्रक अडते, पण पेशी बेधडक दुभंगते. मग केवळ बारीक ठिपका असलेली, केंद्रकच नसलेली पेशी पट्टीवर दिसते. तेच प्रथिन रक्तातील अवस्थेत बंद केले तर पेशीचे दुभंगणेच थांबते. परजीवी एक, जनुक एक आणि परिणाम दोन! 'केंद्रक झाल्याशिवाय पेशी कापायची नाही' हा आपल्याकडचा दंडक माशीतील अवस्था सरळ धाब्यावर बसवते.

तेव्हा औषधासाठी लक्ष्य निवडताना, ते प्रथिन परजीवीच्या कोणत्या अवस्थेत कोणती पायरी अडवून धरते, हे आधी पाहावे लागते. अशी एक पायरी नर युग्मकांची, म्हणजे नर प्रजनन पेशींची, आहे. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनी ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात वळवळणारे तंतू पाहिले; ते मलेरिया परजीवीचे नर युग्मक होते. डासाच्या पोटात तापमान उतरते, तिथले झँथुरेनिक आम्ल मिळते आणि नर पूर्वपेशी दहा-पंधरा मिनिटांत डीएनए तीनदा दुप्पट करून आठ युग्मके सोडते. या धावपळीला सीडीपीके४ हे किनेज लागते. या घराण्याची किनेजे वनस्पतींत आणि अशा परजीवींत आढळतात, माणसात नाहीत. शिवाय त्याच्या एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसण्याच्या खोबणीत आतल्या बाजूस लहान अमिनो आम्ल असल्याने, बहुतेक मानवी किनेजांत न मावणारा जाडजूड रेणू तिथे बसू शकतो. अशा रेणूंवर काम झालेले आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, ही पायरी डासात घडते, म्हणून ती अडवली तरी अंथरुणावरच्या रुग्णाचा ताप उतरणार नाही. त्याला चावलेल्या डासाकडून पुढच्या माणसाला होणारी लागण तेवढी रोखता येईल.